नवनाथचे म्युटंट खेकडे

पवनानगरला धरणाकाठी तंबू ठोकून पर्यटकांना गंडवणाऱ्यांत माझा पुतण्या नवनाथ सगळ्यात पुढं. बारावीला दोनदा आपटला. त्यानंतर या दिवट्यानं आयुष्यात कॉमिक्स सोडून काही वाचलं नाही, आणि तेवढ्यावर स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागला.

तंबूंच्या गेटवर त्यानं तुटलेला हात परत उगवणारा राक्षस रंगवला आणि खाली लिहिलं, 'आमच्या ओढ्यात खरे म्युटंट'. म्हणजे खेकडे! खेकड्याची तुटलेली नांगी परत येते, हे खरंच आहे. पण ती येते तो जुनं कवच टाकतो तेव्हा, आणि तीही आधी इवलीशी. कॉमिक्सवाल्याला एवढा धीर कुठला? तो धरलेल्या प्रत्येक खेकड्याच्या नांग्या मोडून पर्यटकांच्या रश्श्यात टाकायचा आणि खेकडा परत ओढ्यात सोडायचा.

पोटाशी पिल्लं असलेली मादी हाताला लागली, तर आमच्याकडं तिला तशीच सोडतात. या शहाण्यानं तिच्याही दोन्ही नांग्या मोडून रश्श्यात टाकल्या आणि तिला पाण्यात फेकलं.

"अरे, आता ती खाईल कशानं?" मी विचारलं.

"तात्या, मी कुटं मारतोय? फुडच्या पावसात नव्या नांग्या घिऊन येत्याल समदे."

पुढच्या पावसात ओढा भरून वाहिला. दगड उलटून उलटून नवनाथची बोटं सोलली, पण एक खेकडा दिसला नाही. माणसाला लाज वाटली असती. यानं गेटवर नवी ओळ रंगवली : 'आमचे खेकडे अदृश्य होतात.'

आता पर्यटक त्या रिकाम्या पाण्याचे फोटो काढतात. ही शक्ती मात्र खरी आहे. खेकड्यांना ती नवनाथनंच दिली.