लघवी मागत फिरणारा ओताकार

ओताकार रिझ्नार गोड बोलणाऱ्यांतला नव्हता, हे त्याची आईसुद्धा मान्य करायची. लाबे नदीकाठच्या रंगाच्या कारखान्यात तो रसायनतज्ज्ञ म्हणून लागला आणि पहिल्याच महिन्यात त्याने फोरमनला सगळ्यांदेखत सुनावलं, "तुम्हाला साधं वजन करता येत नाही." तेव्हापासून कामगार त्याला डॉक्टरसाहेब म्हणत, आणि म्हणताना तोंड वाकडं करत.

सहासष्ट साली त्याच्या लक्षात आलं, की काळा रंग बनवणाऱ्या शेडमधली माणसं पन्नाशी गाठायच्या आत मूत्राशयाच्या कर्करोगाने मरताहेत. तिथे एक करडी पूड वापरत. ती हवेत उडायची, कपड्यांत मुरायची. ओताकारने मेलेल्यांच्या बायकांची दारं ठोठावली, कोण किती वर्षं त्या शेडमध्ये होता ते विचारलं, आणि कारखान्याच्या सभेत उभा राहून म्हणाला, "ती शेड बंद करा."

साहेब लोक चिडतील असं त्याला वाटलं होतं. चिडले ते शेडमधलेच. तिथे पगार जास्त होता, रोजचं दूध फुकट होतं, कारखान्याचं घर लवकर मिळायचं. सगळ्यांत चढा आवाज लुबोरचा. लुबोर म्हणजे ओताकारच्या बहिणीचा, द्राहोमीराचा नवरा.

"शेड बंद केल्यावर आम्ही काय तुझ्या काचेच्या नळ्या चाटायच्या?"

"लघवीतून रक्त पडायला लागलं की ये माझ्याकडे," ओताकार म्हणाला.

सभा खदखदून हसली. रविवारी तो नेहमीसारखा बहिणीकडे जेवायला गेला, तर द्राहोमीराने त्याला दारातच अडवलं. "माझ्या नवऱ्याच्या लघवीची गावभर चर्चा केलीस. आता कुठल्या तोंडाने जेवायला आलास?"

अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये देशात रशियन रणगाडे घुसले. पुढे पक्षाची माणसं कारखान्यात एकेकाला बोलावून विचारायला लागली, रणगाडे आले ही मदत की आक्रमण? मदत म्हणणाऱ्याची नोकरी टिके. ओताकार म्हणाला, "आक्रमण. आणि त्या शेडचं काय केलंत?" त्याला प्रयोगशाळेतून काढायचा ठराव आला. पहिला हात लुबोरचा वर गेला.

पिंपं धुवायच्या कामावर त्याने काही आठवडे काढले. मग उन्हाळ्यात युगोस्लाव्हियाला सहलीला म्हणून गेला आणि तिथून ऑस्ट्रियात निसटला. कुणाला काही सांगितलं नाही, बहिणीलाही नाही.

पुढची वीस वर्षं तो स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला होता. तिथेही कुणाशी जमलं नाही. हाताखालची मुलं त्याला टरकून असत, लग्न राहून गेलं. पण ती पूड न वापरता तोच काळा रंग बनवायचा, हा एकच ध्यास त्याने धरला आणि तडीस नेला. मायदेशात मात्र पळून गेला म्हणून त्याला कैदेची शिक्षा लागलेली होती, त्यामुळे परतायची सोय नव्हती.

एकोणनव्वदच्या अखेरीस सरकार बदललं, नव्वद साली शिक्षा रद्द झाल्या, तेव्हा तो परत आला. शेड बंद पडली होती. लुबोर कधीच गेला होता.

"कशाने गेला?" त्याने बहिणीच्या दारात उभ्या उभ्या विचारलं.

"तुला माहीत आहे कशाने. ऐकून समाधान करून घ्यायचंय?" द्राहोमीरा म्हणाली. "तू बरोबर होतास म्हणून तुझ्या गळ्यात हार घालू? तू गेलास आणि दुसऱ्या महिन्यात मला शाळेतून काढलं. पळपुट्याची बहीण मुलांना काय शिकवणार म्हणे. कारखान्याच्या धोबीखान्यात टाकलं मला. निवृत्त होईपर्यंत त्या शेडचे कपडे धुतले मी."

"ते कपडे तू... द्राहो, लघवी तपासून घे."

तिने दार आपटलं.

तो गावातच खोली घेऊन राहिला. शेजारच्या शहरातल्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंना गळ घालून त्याने तपासणीची सोय केली आणि जुन्या कामगारांकडे बाटल्या घेऊन जायला लागला. लोकांनी शिव्या घातल्या. बिअरच्या दुकानात तो शिरला की कुणीतरी ओरडे, "ग्लास सांभाळा रे, आला मागायला." एकाने भरलेली बाटली त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. त्याने तीही पाठवली. डॉक्टरीणबाईंनी कळवलं, घोड्याची आहे.

पानगळीला द्राहोमीरा आली. बाटली कागदात गुंडाळून आणली होती. ती तिने टेबलावर आदळली.

"तुझ्यासाठी नाही आले. रक्त पडतंय."

गाठ होती, पण लहान होती. शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली. तेव्हा कुठे बाकीचे यायला लागले. शिव्या देतच आले, पण आले. काहींना उशीर झाला होता. काही वाचले.

इस्पितळात ओताकार तिच्या खाटेशी बसला आणि कसंबसं म्हणाला, "मी गेलो नसतो तर तू त्या धोबीखान्यात गेली नसतीस."

"नसतेच गेले," ती म्हणाली.

आणि तिने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पुढे दर तपासणीला तोच तिला गाडीने नेऊ लागला. ती पाठीमागच्या सीटवर बसायची, पर्स मांडीवर धरून. एकदा त्याने पुढचं दार उघडून धरलं.

"मागे बरं आहे," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."