झोप लागली का?

झिंबाब्वेहून आलेल्या आमच्या पाहुणीइतकी चौकस बाई लंडनमधल्या आमच्या अख्ख्या हॅरोत झाली नाही आणि होणार नाही. मी सातवी नापास, सारी उमर ब्रेडच्या कारखान्यात भट्टीपुढे काढलेला माणूस. तेव्हा माझ्या बोलण्याला फार किंमत देऊ नका, पण एवढं लिहून ठेवा.

माझी सून युनिव्हर्सिटीत नोकरीला आहे. तिथे आफ्रिकेतल्या तरुण अधिकाऱ्यांना सहा आठवडे बोलावून पुढारीपण शिकवतात. आमच्या गावी ते न शिकताच करायचे, आणि ते दिसायचंही. तर या पाहुण्यांना घरी ठेवून घेणारी माणसं हवी होती. सुनेनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. म्हणाली, “बाबा, आई गेल्यापासून घर खायला उठतं ना तुम्हाला!” घर मला खात नव्हतं. मीच घरात काही खात नव्हतो, एवढंच.

पाहुणी तिशीची. तिकडच्या एका जिल्ह्यातले सगळे हापसे हिच्या हाताखाली. पहिल्या सकाळी खाली आली ती चहाच्या आधी प्रश्न घेऊनच. “बाबा, झोप लागली का?” तिच्या भाषेतही बापाला बाबाच म्हणतात, त्यामुळे हाक मारायचा प्रश्न मिटला. मी म्हटलं, “तुला लागली का?” म्हणाली, “तुम्हाला लागली असेल तर मला लागली.” त्यांच्याकडे असंच उत्तर देतात. यावर आपण ‘लागली’ म्हणायचं आणि चहा ओतायचा. पण मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, “नाही लागली. बायको गेल्यापासून लागत नाही.”

तिनं कप खाली ठेवला. “कधी गेल्या?”

“सव्वा वर्ष झालं.”

“आणि मी काल संध्याकाळी हसत आले, जेवले, वर जाऊन निजले!”

तशीच वर गेली, डोक्याला काळा रुमाल बांधून उतरली आणि सरळ दाराबाहेर. मला वाटलं, चालली परत मायदेशी. तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर हीच. आत आली, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि चांगल्या खुर्च्या सोडून कार्पेटवर बसली. त्यांच्याकडे उशिरा कळलं तरी हात धरायला यावंच लागतं. बोलायचं काही नसतं. मीही खाली बसलो. अर्धा तास. गुडघ्यांमुळे मला बसता येतं, उठता येत नाही, तिनंच उठवलं. बायको गेली तेव्हा लोकांनी फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली होती, पुष्कळ पाठवली होती. हात कुणी धरला नव्हता. त्या दिवशी पाहुणीचं पहिलंच लेक्चर बुडालं. विषय वेळेचं नियोजन होता, असं सून म्हणाली.

पुढे ती रस्त्यात भेटेल त्याची झोप विचारत सुटली. बसच्या ड्रायव्हरची विचारली, पोस्टमनची विचारली. शेजारचा गोरा वीस वर्षांत माझ्याशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलला होता. तिला त्यानं कुंपणावर रेलून सांगितलं, की मुलगी फोन करत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला दहा मिनिटं भाषण होतं. मी कोट घालून गेलो. हिनं पुढच्या रांगेतल्या प्रोफेसरला विचारलं, “सर, झोप लागली का?” तो हसून “हो हो” म्हणाला. ही थांबून राहिली. मग तो म्हणाला, “खरं सांगायचं तर, नाही.” आठ मिनिटं त्याच्याच झोपेत गेली.

निघताना म्हणाली, “बाबा, तिकडूनही विचारीन.” आणि विचारते. रोज सकाळी फोनवर तेच लिहून येतं. पहिले दोन दिवस मी खोटंच ‘लागली’ लिहिलं. मग लाज वाटली. माझ्या शब्दावर ती तिकडे स्वतःला झोप लागल्याचं सांगणार, आणि इकडे मी टक्क जागा. तेव्हापासून दहाला दिवा मालवतो आणि पडून राहतो.

काल लागली. चांगली पाच तास. उठून आधी पाहुणीला खरं ते कळवलं. मग चहा टाकला, दोन कप टाकला, सवयच आहे. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोला म्हटलं, “तुला लागली असेल, तर मला लागली.”