मॉरिशसची जमीन मी पुनवेला पाहिली

जावयाच्या पत्रात लिहिलं होतं, जमीन सपाट आहे, स्वस्त आहे आणि समुद्राला लागून आहे. या तीन गोष्टी एका ठिकाणी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पत्र फडताळात ठेवलं आणि ठरवलं, आपण जायचं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेरूळला तेव्हा स्टेशन नव्हतं, नुसती रेती, खडी आणि अर्ध्या उभ्या बिल्डिंगी. जावई वसंतराव साताऱ्याकडचे. दिघ्याच्या कारखान्यात फिटर होते तेव्हा आमच्याकडे भाड्याने राहायचे. भाडं वेळेवर दिलं, पण जाताना माझी सुमन घेऊन गेले. मग मॉरिशसला साखर कारखान्यात नोकरी लागली. सहा वर्षांची सगळी कमाई घालून तिथे एकरभर जमीन घ्यायची, घर बांधायचं, भाजी लावायची, असं त्यांच्या मनात होतं. इसार पुढच्या महिन्यात द्यायचा होता.

दीर हसला. "वैनी, तू चौथी शिकलेली. फॉरेनच्या जमिनीतला तुला काय कलतंय?"

"भावजी, मिठाची चव कळायला मॅट्रिक लागत नाही."

जावयाने तिकीट पाठवलं. नेरूळहून एसटीने खाडीच्या पुलापलीकडे, तिथून टॅक्सी, मग विमानतळ. विमान सहा-सात तास. शेजारचा माणूस वर जाताना देवाचं नाव घेत होता आणि खाली येताना बाईच्या हातची बिअर. एक सांगून ठेवते, तिकडे बी-बियाणं नेऊ नका. माझी वाल आणि भेंडीची पुडी कस्टमवाल्याने टोपलीत टाकली. सुके बोंबील मात्र हुंगून परत दिले, तेही लांब हात करून.

पहिल्या संध्याकाळी जेवताना वसंतरावांनी सगळं सांगितलं. "आई, परदेशी माणसाला इथे सरळ जमीन मिळत नाही. सरकारची परवानगी लागते. त्यात महिने जातात. एजंट म्हणतो, तोवर त्याच्या मेव्हण्याच्या नावावर घेऊन ठेवू."

मी घास खाली ठेवला. "माझ्या सासऱ्याने चाळीस वर्षं भात लावला. बांध फुटला तर स्वतः आडवा पडायचा. सातबाऱ्यावर नाव होतं ठाण्याच्या शेठचं. नवं शहर आलं तेव्हा भरपाईचे पैसे शेठच्या दारात गेले. आमच्या दारात कोण आलं, माहीत आहे? शेठचा कारकून, नांगरही शेठचाच म्हणून सांगायला."

"एजंट चांगला माणूस आहे, आई."

"शेठपण चांगलाच होता. दर दिवाळीला पेढे द्यायचा."

दुसऱ्या दिवशी जमीन बघायला गेलो. बस स्वस्त आणि वेळेवर, ड्रायव्हर मात्र पेटलेला. खिडकी धरून बसा. रस्ताभर ऊस, आणि उसात जागोजागी काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे. मला वाटलं समाध्या आहेत. एकेका ढिगाला हात जोडत गेले. बसमधले लोकही माझ्याकडे बघून हात जोडायला लागले. त्यांना वाटलं, मी त्यांना नमस्कार करतेय.

जमीन खरंच देखणी होती. पुढे निळं पाणी, माड, वारा. फोटो काढून भिंतीला लावावी अशी. एजंट पांढऱ्या पॅन्टीत उभा. मी वाकले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. वसंतरावांनी मान फिरवली, लाजले बिचारे. गोड्या विहिरीच्या गावचे ते, त्यांना खारी जमीन काय ठाऊक. आमच्यात लग्नाची मुलगी हसून दाखवतात आणि जमीन चाखून. माती खारट होती. शिवाय खेकड्यांची बिळं, आणि खाजणात उगवतं तसलं जाड पानांचं लालसर झुडूप.

"इथे भरतीचं पाणी येतं," मी म्हटलं.

"नहीं अम्मा, कभी नहीं," एजंट म्हणाला.

वसंतराव म्हणाले, "आई, इथली भरती आपल्या खाडीसारखी नसते. हातभर पाणी चढतं, एवढंच."

"सपाट जमिनीला हातभर पुष्कळ झालं."

बोटांवर तिथी मोजली. अष्टमी. म्हणजे भांगाचे दिवस, पाणी सगळ्यात कमी चढतं तेव्हाचे. जमीन भांगाला बघणं म्हणजे नवरदेवाला फक्त वरातीत बघणं. मी एजंटला म्हटलं, "पुनवेला दुपारी बारा वाजता इथंच चहा पिऊ. खुर्च्या मी आणते. पाणी नाही आलं तर इसार तिथंच घ्या, मी तोंड उघडणार नाही."

एजंट हसून तयार झाला. घरी सुमन माझ्यावर चिडली. "आई, ह्यांनी सहा वर्षं नवा शर्ट नाही घेतला गो. तू हरलीस तर पैसे जातील, जिंकलीस तर ह्यांचा तोंड बघवनार नाय."

"शर्ट मी घेईन," मी म्हटलं. पण त्या आठवड्यात मीही रोज रात्री चंद्र बघत होते. परक्या देशात पाण्याने माझं ऐकलं नसतं तर?

मधले दिवस मी फिरून काढले. बाजारात दालपुरी खा, रुपया-दीडला जोडी मिळते. पुरणपोळी करताना गूळ घालायला विसरलं की जे होतं ते. वर झणझणीत चटणी देतात, तिच्यासाठी माफ.

तिथंच माझं लुगडं बघून एक म्हातारी येऊन चिकटली. पार्वतीबाय. तिचा पणजा कोकणातून ऊस तोडायला आलेला. तिची मराठी जुन्या तांब्यासारखी, मधेमधे तिकडच्या भाषेचे पोचे पडलेले. "बाय, तू मुंबयची? मुंबय अजून हाय?"

"आहे. आता खाडी ओलांडून आमच्या अंगावर आलीये."

मी दगडांच्या समाध्यांचं विचारलं. ती एवढी हसली की तिचा कवळी सांभाळायचा हात सुटेना. "समाधी कसली गो! शेतातले दगड. आमच्या मानसांनी हातांनी येचून ढीग घातले. जिथं ढीग, तिथं माती चोख." मग आमच्या जमिनीची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाली, "माझ्या पुतन्याची जमीन हाय वरती डोंगराकडं. समुद्र दिसत नाय म्हनून कोन घेत नाय."

पुनव आली. मी चार खुर्च्या आणि थर्मास घेऊन साडेअकराला हजर. एजंटही आला, पांढरीच पॅन्ट. बाराला काही नाही. सव्वाबाराला काही नाही. एजंट दुसरा कप मागतो. वसंतराव खिशातल्या पाकिटावरून हात फिरवतात. सुमन माझ्याकडे बघेना. मी खाली बघत होते, कारण पाणी समोरून छाती काढून येत नाही, पाठीमागून बिळांतून येतं. आणि आलं. आधी बुडबुडे, मग ओल, मग एजंटच्या खुर्चीचे मागचे दोन पाय मातीत रुतले. तो कपासकट मागे कलला. एक वाजेपर्यंत आम्ही चौघंही पाय वर घेऊन बसलो होतो आणि माझी एक चप्पल मॉरिशसच्या सरकारी समुद्रात निघाली होती.

एजंट म्हणाला, "अम्मा, साल में दो-चार बार..."

"बाबा, चूल रोज पेटते."

वसंतरावांनी पाकीट खिशात खोल सारलं. उठले, गुडघ्यापर्यंत पॅन्ट वर केली आणि माझी चप्पल आणून दिली. त्यातच सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याची जमीन बघितली. कोपऱ्यात दगडांचा मोठा ढीग. माती चाखायला मी वाकले तर जावई आधीच वाकले होते. "आई, गोडी आहे."

मग नोटरीकडे. कागद फ्रेंचमध्ये, माझ्यासाठी इंग्रजीइतकेच काळे. मी दोनच अटी सांगितल्या. आधी सरकारची परवानगी, मग पैसे. आणि नावं दोन, वसंतरावांचं आणि सुमनचं. मधे कोणाचा मेव्हणा नको. पुतण्या कुरकुरला, एवढे महिने कोण थांबणार? पार्वतीबायने काठी आपटली. "येवढी वर्सं कोन घेत नव्हता तवा थांबलास ना?" थांबला.

तुमच्यापैकी कोणी परदेशात जमीन बघायला जाणार असेल तर तिथले आजचे नियम तिथेच नीट विचारा, माझे जुने झाले. पण भांगाला जमीन बघू नका आणि दुसऱ्याच्या नावावर झोपू नका. हे जुनं होत नाही.

नेरूळला परतले तर आमच्या भातशेतावर पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला होता. बघितला आणि पाणी भरायला गेले. परवानगीला आठ महिने लागले. मग सुमनचं पाकीट आलं, आत खरेदीच्या कागदाची झेरॉक्स. दीर चष्मा लावून उलटसुलट करत बसला. "वैनी, यातला मला पन काय वाचता येत नाय."

मी बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरांतलं तेवढं एक नाव मी विमानात बसायच्या आधीच गिरवून पाठ केलं होतं.

"इथं सुमन लिहिलंय," मी म्हटलं. "बाकीचं वाचायची गरज नाही."