उतारावर न्यूट्रल

माझ्या धाकट्या दिराने चौतीस वर्षं मालट्रक चालवला. डिझेल वाचवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उतार लागला की तो गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि ब्रेकवर तोलत खाली आणायचा. मालकाने दोनदा दम देऊनही ही खोड गेली नाही.

त्याची बायको, माझी जाऊ, गेल्या वर्षी फुप्फुसांच्या आजाराने खचली. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. तिला एकदा धरणावर जायचं होतं. लग्नानंतर ती दोघं तिथल्या कामगार वसाहतीत राहिली होती. त्यांची पहिली मुलगी दीड महिन्याची होऊन गेली, तिला तिथल्याच टेकडीवर पुरलं होतं. पुढे त्या बाजूला जाणं झालंच नाही. डॉक्टरांनी एका दिवसाची परवानगी दिली.

दिराच्या जावयाची इलेक्ट्रिक पिकअप होती. तो मित्रांना घेऊन तिच्यातून आडवाटा पालथ्या घालायचा. मागच्या हौद्यात प्लग होता, त्यावर मशीन चालणार होतं. निघण्याआधी दीर काच पुसत बसला.

"मला नाही कधी एवढं न्याहाळलंत," जाऊ म्हणाली.

"ही तोंडातून चकार शब्द काढत नाही ना, म्हणून!"

जावयाने समजावून सांगितलं, "बाबा, घाटाअलीकडच्या गावात चार्जिंग आहे, पुढे कुठेच नाही. धरण बघून परत त्या गावापर्यंत यायला, घाट पलीकडे उतरल्यावर बॅटरीत पंचाहत्तर टक्के हवेत. काळजी नको, उतरताना सहा-सात टक्के वाढतात." मी सोबत जाणार होते, मी ते लिहून घेतलं.

गावात बॅटरी पूर्ण भरून घेतली, माथ्यावर एकाहत्तर होते. घाट उतरलो तेव्हा सत्तर. दिराने गाडी कडेला घेतली आणि जावयाला फोन लावला.

"बाबा, न्यूट्रल केली होती का?"

दिराची नजर गिअरकडे गेली.

"अहो, ड्राइव्हमध्ये ठेवली तरच चाकं बॅटरी भरतात."

मशीनला वीज फारशी लागत नव्हती. पण परतीच्या चढावर गाडीची बॅटरी संपली, की मशीनही बंद.

"हीटर बंद करा," जाऊ म्हणाली. "शाल आहे मला."

"त्याने दोन-तीन टक्के वाचतील. तरी पुरत नाही."

"सत्तर किलोमीटरच राहिलेत हो."

"वहिनी, तुम्ही सांगा हिला." माझ्याकडे न बघताच तो म्हणाला.

मी शाल तिच्या खांद्यांवर नीट केली. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, मग गाडी वळवली. धरणाचा रस्ता आरशात दिसत होता तोवर जाऊ आरशातच बघत राहिली.

माथ्यावर पुन्हा पोचलो तेव्हा बॅटरी एकेचाळीसवर आली होती आणि तिच्या ओठांवर निळसर छटा होती. गावात चार्ज करून परत फिरायची गोष्ट कोणीच काढली नाही. पलीकडचा उतार सुरू झाला. दिराचा हात सवयीने न्यूट्रलकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने तो मांडीवर ठेवला.

"बेचाळीस झाले," थोड्या वेळाने जाऊ म्हणाली. पुढच्या वळणावर म्हणाली, "त्रेचाळीस."

"बोलू नकोस. धाप लागेल."

"लागू दे. तुम्हाला पुढे रस्ता बघायचाय ना? मी आकडे बघते."

चव्वेचाळीसही तिनेच सांगितले. दीर डोळे पुसायला थांबला नाही, फक्त गाडी आणखी हळू केली.