मामांची मोरपंखी टीम

कर्जत-खालापूर टापूत कुठल्याही विषयावर बोलायला लागून पाचव्या वाक्याला अमेरिकेतल्या फुटबॉलवर पोचणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. पोटदुखी काढा, सरपंचाची निवडणूक काढा, "आमच्या टीमचं बी असंच झालं व्हतं" हे ऐकल्याशिवाय सुटका नाही. मी पडलो जावई, मला तर पळूनही जाता येत नाही.

याच्या मुळाशी आहे एक गोरा. मामांचं चौक गावात जुन्या हायवेवर गॅरेज. फार वर्षांपूर्वी एका अमेरिकन पाहुण्याची गाडी तिथे तापून बसली. पार्ट पनवेलहून येईस्तोवर तो दिवसभर बाकड्यावर बसून आपल्या गावच्या टीमचा इतिहास सांगत राहिला. मामांचं इंग्रजी गाडीच्या पार्टांपुरतं, तरी सगळं समजलं असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. जाताना तो टीमच्या रंगाची आपली मोरपंखी टोपी मामांच्या डोक्यावर ठेवून गेला. ती आजतागायत उतरलेली नाही. आमच्या लग्नात मामांचा फेटासुद्धा टोपीवरूनच बांधावा लागला. पुढे गॅरेजही मोरपंखी झालं, आणि मामींनी वेळीच आरडाओरडा केला नसता तर तुळशीवृंदावनही झालं असतं.

सोमवारी पहाटे ते मोबाइलवर मॅच बघतात. टीम बहुतेक वेळा हरते. हाताने खेळतात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं, असं मी एकदा विचारून बसलो. "आपल्या पंचायतीत पाचच पंच हायत का, जावई? पन म्हनतोच ना पंचायत?" म्हणाले. या खेळात म्हणे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. खोपोलीच्या बाजारात मामा हाच नियम लावतात. काखेत भोपळा दाबायचा, मान खाली घालायची आणि गर्दीत घुसायचं. पुढे वाट करायला मामी.

"अवो, लोकं बघत्यात," मामी म्हणतात.

"बघू दे. तू थांबू नको."

पण इतिहासातलं एक प्रकरण आलं की हेच मामा गहिवरतात. टीमच्या मालकाला दुसऱ्या शहरात मोठं मैदान मिळालं आणि तो टीम उचलून चालता झाला. गाव रडलं, मग कोर्टात गेलं. निकाल असा लागला की खेळाडू मालकाने खुशाल न्यावेत, पण नाव आणि रंग गावाचे. "काय वर्सं गावाला टीमच नव्हती. पन नाव व्हतं," असं म्हणून मामा टोपीने डोळे पुसतात. पुढे त्याच नावाने नवी टीम आली, धडाधड हरली, तरी मैदान भरलेलं असायचं.

हे सगळं करमणूक म्हणून ठीक होतं. पण एक्स्प्रेस-वे झाल्यापासून चौकला गाड्या थांबायच्या कमी होत गेल्या, आणि शेवटी मामांच्या मुलाने खोपोलीला शेड घेतली. मामांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. बाप-लेक एका पंगतीला बसेनात, तेव्हा मामींनी आम्हाला बोलावून घेतलं. मी वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं. ते कुणी ऐकलं नाही. मामा आपणच म्हणाले, "गडी ने. जॅक ने, पाने ने, कंप्रेसर ने. नाव आन् रंग चौकलाच ऱ्हानार."

"बाबा, तुमच्या नावाबिगर कोन गिऱ्हाईक येनार?"

"तुजं लाव."

मामींनी कपाळाला हात लावला. "मेला तो गोरा," एवढंच म्हणाल्या.

उद्घाटनाला मामा येतात की नाही याची आम्हाला धाकधूक होती. पण आले, नारळ घेऊन आले. शटरवर पाटीची नुसती लोखंडी चौकट होती, आत काही नाही.

"तुजं नाव का नाय लावलंस रं?"

"हात हुईना, बाबा."

मामा त्या रिकाम्या चौकटीकडे बघत उभे राहिले. नारळ फोडायचा राहूनच गेला. मग खाकरून म्हणाले, "नाव नाय देनार. रंग घे." आणि स्वतः जाऊन डबा आणून शटरवर पहिला ब्रश त्यांनीच मारला. पोराने तिथेच बापाचे पाय धरले.

आता खोपोलीला मोरपंखी गॅरेजपुढे रांग लागते. चौकला मामा रोज सकाळी शटर उघडतात. एखादी मोटरसायकल हवा भरायला थांबली तर थांबली. परवा गेलो तेव्हा मामा रिकामी फरशी झाडत होते.

"मामा, करा की आता बंद," मी म्हणालो. "खोपोलीला पोराजवळ बसा. एकटे काय करता इथे?"

मामांनी झाडू थांबवला. "आन् मी बी गेलो," ते म्हणाले, "तर मंग कोर्टात जिंकलो कशाला आमी?"

कोपऱ्यात दुसरा झाडू होता, तो मी घेतला.