शटरला लागणारी टोपी

आमच्या धान्याच्या दुकानाचं शटर पूर्ण वर जात नाही. सकाळी आत शिरताना म्हादूअण्णा हमालांची टोपी त्याच्या कडेला घासते. संध्याकाळी त्याच दारातून ते घरी निघतात, तेव्हा घासत नाही.

“पोत्यांनी दाबून बुटका केला बघा मला, शेठ,” अण्णा हसतात.

मला ती थट्टाच वाटायची. पण माझी डॉक्टर भाची म्हणाली, “खरंच आहे, मामा. मणक्यांच्या मधे जेलीसारखा मऊ गर असतो. दिवसभर ओझ्याखाली त्यातलं पाणी निघून जातं. रात्री पाठ टेकली की तो ते परत पितो आणि फुगतो. वय झालं की मात्र कमी फुगतो.”

म्हणजे आपण नुसते दमून पडलेलो असतो, आणि आत भिजत घातलेल्या सब्जासारखं काहीतरी निमूटपणे उद्याची तयारी करत असतं!

हल्ली सकाळी माझं लक्ष त्या कडेवरच असतं; रात्रीत अण्णांची पाठ भरून आली का, ते तिथंच कळतं. आज अण्णांची टोपी चक्क खाली पडली.

“शटर दुरुस्त करा की आता!” ते वैतागले.

“करू, करू,” म्हणत मी टोपी झटकून त्यांना दिली. कारागिराला काही मी इतक्यात बोलावणार नाही.