प्रमोदिनीच्या फोनातल्या काकू

सक्करदऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला प्रमोदिनी ब्लाऊज शिवते. नवरा गेल्यावर घर तिच्या मशीनवरच चालतं. गिऱ्हाईक एकदा आलं की ती त्याला नातं चिकटवते. मी वहिनी, बेसाच्या मायाबाई काकू, कोणी मावशी, कोणी आत्या. फोनातही नावं तशीच. मी गंमतीनं म्हणायचे, तुझ्या फोनात अर्धं नागपूर तुझं सासर आहे.

लग्नसराईच्या तोंडावर मशीन बिघडलं, म्हणून तिनं फोनवरच्या एका कंपनीकडून कर्ज काढलं. ॲपनं फोनातली नावं बघू का विचारलं. तिनं हो म्हटलं. पुढे तापानं अंथरूण धरलं नि हप्ता थकला.

एका दुपारी मला फोन आला. "तुमची नणंद पैसे बुडवून पळाली. तुम्ही भरता की घरी माणसं पाठवू?" मला नणंदच नाही. मी त्याला नाव विचारलं, तर शिवी दिली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तशीच चपला घालून प्रमोदिनीकडे गेले. ती कापड कापायच्या पाटावर बसून रडत होती.

"वहिनी, सगळ्यायले फोन करून राहिले ते. काकू, मावशी वाचलं का त्यायले वाटते माहे नातेवाईकच हायेत. मी पळाली नाही वं. घरातच त हावो."

तिच्या लेकीनं, रितिकानं, नियम शोधून काढले. पैसे थकले म्हणून भलत्याच लोकांना फोन करायचा, धमकावायचा, बदनाम करायचा हक्क कुणालाच नसतो. हे आईला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही कुठे ठाऊक होतं? कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आम्ही लेखी तक्रार केली, सोबत फोनची रेकॉर्डिंग जोडली. धमक्यांसाठी पोलिसांतही गेलो. कंपनीनं माफी मागितली, वसुलीवाले हटवले, हप्ता लहान करून दिला. आम्ही जिंकलो, असं मी गल्लीभर सांगत सुटले.

पण गिऱ्हाइकं येईनात. लग्नसराई दारावरून चालली होती नि मशीन गप्प. प्रमोदिनी एकेकीला फोन लावायची, कोणी उचलत नव्हतं. शेवटी मायाकाकू स्वतः आल्या. प्रमोदिनीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. काकूंनी आपलं न शिवलेलं कापड परत मागितलं.

"काकू, त्यायले तुमाले फोन कराचा हक्कच नव्हता," प्रमोदिनी म्हणाली. "आता नाही करणार. लिहून देलं त्यायनं."

"समजते वं पोरी. तुयी चूक नाही. पण तो वसुलीवाला माह्या जावयाशी नाही नाही ते बोलला. आता घरचे आयकत नाहीत. माहा नंबर तेवढा काढून टाक."

मला काकूंचा राग आला. प्रमोदिनीनं त्यांच्यासमोर नंबर काढला. कापडाची नीट घडी केली, पिशवीत घातली.

"काकू, माप लिहून देऊ काय?" ती म्हणाली. "तुमचा उजवा खांदा उतरता हाय. दुसरीले सांगा लागन, नाही त ब्लाऊज बिघडवन ते."